वाचकांचे प्रश्न : संशोधकाचा अहवाल आणि गावाचा कारभार

प्रश्न : मी अर्थशास्त्रात एम.ए. केले असून गावांची जंगले आणि त्यांविषयीची सरकारी धोरणे यांवर पीएच.डी. करण्याचा विचार आहे. असे अहवाल मंत्रालयात धूळ खात पडतात, असे घरचे म्हणतात. प्राध्यापकांच्या संशोधनाने धोरण खरोखर बदलते का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : घरच्यांची शंका निराधार नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला; परंतु माहिती अधिकाराचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यानंतरच, २०१२ मध्ये, तो लोकांसमोर आला. निर्णयांत ग्रामसभांना स्थान द्यावे, हा त्याचा गाभा होता. चर्चा मात्र कशावर बंदी येणार एवढ्याचीच झाली.

तरीही केवळ या अहवालावरून त्यांच्या कामाचे मोल ठरवू नये. हार्वर्डहून गणिती परिसरशास्त्र शिकून परतलेल्या गाडगीळांनी सत्तरच्या दशकात कर्नाटकातील बांबूचा अभ्यास हाती घेतला. तेथे कागद गिरण्यांना बांबू नाममात्र दरात मिळत होता आणि तो संपत चालल्याचा ठपका गावकऱ्यांवर ठेवला जात होता. बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी फांद्यांचे जाळे काढून टाकले की बांबू चांगला वाढतो, अशी वनखात्याची समजूत होती. उलट ते जाळे काढल्यामुळेच कोवळे कोंब गुरे आणि वानरे खाऊन टाकतात, असे गावकरी सांगत. प्रत्यक्ष निरीक्षणांत गावकरीच बरोबर ठरले. माझ्या मते त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाची दिशा या अभ्यासात दिसते : ज्यांचे पोट जंगलावर आहे त्यांचे म्हणणे हाही पुरावाच आहे, मात्र तोही तपासून घ्यायचा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे जंगलात राहणाऱ्यांना गोळा करून विकता येणारे वन-उत्पन्न, मानले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे, म्हणजे तो जंगलाबाहेर विक्रीसाठी नेण्याच्या परवान्यांचे, पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. याचे श्रेय कोणा एका प्राध्यापकाला देणे अन्यायाचे होईल. त्या गावाने स्वतःचे अभ्यासगट चालवून, कायदा समजून घेऊन हा हक्क मिळवला. संशोधन अशा ठिकाणी उपयोगी पडते, कारण तेथे त्याची निकड असलेले लोक आधीच उभे असतात.

आपल्याला सुचवावेसे वाटते ते एवढेच, की विषय आधी ठरवून मग गाव शोधू नका. सामूहिक वनहक्क मिळालेल्या दोन-तीन ग्रामसभांत काही महिने राहा, त्यांचे हिशेब, ठराव आणि तोडीच्या नोंदी वाचा. ग्रामसभेला खरोखर अडलेला प्रश्न तेथे सापडेल. अर्थशास्त्राबरोबर थोडे वनस्पतिशास्त्र आणि नकाशावाचन शिकून घ्या. प्रबंध इंग्रजीत लिहावा लागला तरी निष्कर्षांची मराठी प्रत विद्यापीठात सादर करण्यापूर्वी ग्रामसभेत वाचून दाखवा. चुका तेथे लवकर कळतात, आणि परीक्षकांपेक्षा कमी संकोचाने सांगितल्या जातात.