ताप उतरला, मग आता कोलोनोस्कोपी कशाला?

तुम्ही विचारलंय की वडिलांना बरेच दिवस बारीक ताप होता, रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) 'स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस' नावाचा जंतू निघाला, इंजेक्शनांनी ताप गेला, तरी डॉक्टर आतड्याची दुर्बीण करा म्हणतात. पैशासाठी तर नाही ना?

मी परभणीत फिजिशियन आहे. तुमच्या डॉक्टरांच्या जागी असतो तर मीही हेच सांगितलं असतं.

हा जंतू धडधाकट माणसाच्या आतड्यातही असू शकतो, गुरांच्या पोटात तर असतोच. पण तो रक्तात उतरला म्हणजे आतड्याच्या अस्तराला कुठेतरी खिंडार पडलं असण्याची शक्यता असते, आणि पुष्कळदा तिथे पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब) किंवा कॅन्सर सापडतो. त्याला 'बोव्हिस' म्हणत तेव्हापासून, १९७७ सालापासून, हा संबंध डॉक्टरांना माहीत आहे. शौचातून रक्त जात नाही, पोट दुखत नाही, म्हणून आतडं ठीक असं धरू नका. पॉलिप असेल तर बहुतेक वेळा दुर्बिणीतूनच काढता येतो.

त्याहून घाईचं म्हणजे हृदय. इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का? हा जंतू हृदयाच्या झडपेवर बसू शकतो. तसं असेल तर साधारणपणे सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक रोज २ ग्रॅम शिरेतून, ४ आठवडे. कृत्रिम झडप असेल तर ६. आपल्याकडे ताप उतरला की सोयाबीन काढायला माणूस गावी पळतो, आणि कोर्स अर्धाच राहतो. तब्येत स्थिर असेल तर उरलेली इंजेक्शनं तालुक्याला घेता येतील का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मध्येच दम लागला, बोलणं अडखळलं किंवा हातापायातली ताकद गेली तर थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

घशाला त्रास देणारा स्ट्रेप्टोकोकस वेगळा. तो क्वचित पोटाच्या पोकळीत (आतड्यांच्या बाहेर) शिरला तर काही तासांत बीपी कोसळतं. तिथे पेनिसिलिनसोबत क्लिंडामायसिन आणि कधी तातडीचं ऑपरेशन लागतं. वडिलांचं प्रकरण तसलं दिसत नाही.

दुर्बिणीआधी भाकरी, पालेभाज्या बंद करायला सांगतील आणि पोट साफ करायचं औषध देतील. ते सगळं संपवा. अर्धवट प्यायलं तर आत काही नीट दिसत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. खाजगीतला खर्च झेपत नसेल तर संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात किंवा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला चौकशी करा. जाताना कल्चरच्या रिपोर्टची झेरॉक्स न्या, म्हणजे घाई का आहे ते तिथे वेगळं सांगावं लागणार नाही.