मेक्सिकोतील कानकूनला असताना हवा बिघडली, तर तुलुमचे माया संस्कृतीचे अवशेष पाहायला जावे की बेत रद्द करावा?

आपण डिसेंबरात चार दिवसांसाठी कानकूनला जात आहात आणि तुलुमसाठी राखून ठेवलेल्या एकुलत्या एका दिवशी पाऊस व जोराचा वारा सांगितला आहे, असे आपण लिहिले आहे. बेत रद्द करू नये, असे माझे मत आहे.

मात्र आधी एक फरक ध्यानात घ्यावा. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर मानला जातो, आणि जुलै २०२४ मध्ये 'बेरिल' तुलुमच्या जवळच किनाऱ्यावर आदळले होते. तसा इशारा असेल तर घराबाहेर पडण्याचा विचारही करू नये. डिसेंबरात तिकडे जे येते ते बहुधा उत्तरेकडचे गार वारे, ज्यांना स्थानिक लोक 'नोर्ते' म्हणतात. मी गेलो तो दिवस असाच एका नोर्तेचा होता. तटातल्या अरुंद दगडी बोळात वारा एकदम पडला, म्हणून मी भाबडेपणाने छत्री उघडली, आणि पलीकडच्या तोंडाशी पोहोचताच ती उलटी झाली. तेव्हा छत्री नेऊ नका, टोपीचा रेनकोट न्या.

तुलुमला जमिनीकडच्या तिन्ही बाजूंनी तटबंदी आहे आणि चौथ्या बाजूला सुमारे १२ मीटर उंचीचा कडा व समुद्र. तेराव्या ते पंधराव्या शतकात हे भरभराटीचे व्यापारी बंदर होते. इथे माल येई तो ओंडके कोरून केलेल्या होड्यांतून. निळ्याशार, शांत पाण्याकडे पाहून त्या नावाड्यांच्या अडचणीची कल्पनाच येत नाही, कारण समोरची प्रवाळांची रांग पाण्याखाली दडलेली असते. त्या दिवशी मात्र लाटा तिच्यावर फुटत होत्या. किनाऱ्याला समांतर फेसाची पांढरी रेघ उमटली होती आणि एका ठिकाणी ती तुटून मधले पाणी काळपट दिसत होते. कड्यावरच्या 'कास्तियो' या मुख्य इमारतीच्या खिडक्यांत दिवे लावून होड्यांना याच खिंडीची वाट दाखवत असावेत, असा एक तर्क आहे. तो मी आधी वाचला होता, पण पटला तो ती तुटलेली रेघ पाहिल्यावर.

तसेच वारादेवाच्या देवळाचे. छोट्या खाडीच्या उत्तरेला, गोल जोत्यावर ते एकटेच उभे आहे. वादळ जवळ आले की त्याच्यातून शीळ घुमते, असे वाटाडे सांगतात. मी कान देऊन उभा राहिलो, पण माझ्याच रेनकोटाच्या फडफडीपुढे काही ऐकू आले नाही.

आता गैरसोयी. आवारात आडोसा जवळजवळ नाही, कारण इमारतींच्या आत जाऊ देत नाहीत. चुनखडीच्या पायऱ्या भिजल्या की फार निसरड्या होतात, म्हणून चपला टाळाव्यात आणि सोबत वडीलधारी मंडळी असतील तर त्यांना कड्याच्या कडेला नेऊ नये. उन्हात सगळीकडे पसरलेले इग्वाना गारठ्यात फारसे दिसत नाहीत, त्यामुळे मुलांचा थोडा हिरमोड होईल. खाली पुळणीकडे उतरणारा जिना खवळलेल्या समुद्रामुळे आमच्या वेळी दोर बांधून बंद केला होता, तेव्हा पोहण्याचे कपडे सोबत नेण्याची तसदी घेऊ नका.