टेबलटॉप आरपीजीसाठी (टेबलाभोवती बसून पात्रं साकारत खेळायचा खेळ) कागदी मिनिएचर (पात्रांचे छोटे पुतळे) घरी टिकाऊ कसे करायचे? प्लॅस्टिकचे परवडत नाहीत.

परभणीत आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असाच एक खेळ खेळतो, टेबलावरचं अख्खं सैन्य कागदीच आहे. साधा ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद लगेच मान टाकतो. झेरॉक्सवाल्याकडून २०० ते ३०० जीएसएमच्या कार्डशीटवर लेसर प्रिंट काढा. इंकजेटची शाई मे महिन्यातल्या घामेजल्या बोटांनी पसरते.

चित्र ३० मिमीच्या आसपास उंच ठेवा. पुढची आणि मागची बाजू डोक्याला डोकं लावून छापायची, म्हणजे घडी बरोबर डोक्यावर येते. आधी संपलेल्या रिफिलने रेघ ओढा, मग घडी घाला. फेविकॉल अगदी पातळ लावायचा, जाड झाला की कागद वाकतो. जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबा आणि कापायचं त्यानंतरच. पांढऱ्या कडेवर काळा स्केचपेन फिरवला की चित्र एकदम उठून दिसतं. हा टप्पा बरेच जण गाळतात, का कोण जाणे.

खरी डोकेदुखी सीलिंग फॅनची! उन्हाळ्यात तो बंद करणार कोण? आमचा अख्खा गोब्लिनकळप (खेळातले बुटके राक्षस) एकदा पलंगाखाली गेला. तेव्हापासून तळाला नाणं चिकटवतो. २०११ च्या मालिकेतलं २ रुपयांचं नाणं २५ मिमीचं, म्हणजे खेळाच्या नकाशावरच्या १ इंचाच्या चौकोनात नेमकं बसतं (खेळात तो चौकोन ५ फुटांचा). ओगरसारख्या थोराड राक्षसांना २ इंच लागतात, त्यांचा तळ जुन्या लग्नपत्रिकांचे तीन-चार थर चिकटवून करा. घरोघरी ढीग असतोच.