मातीकामाच्या वर्गाला येतेयस ना, मग हे वाच

आधी नखं काप. थट्टा नाही करत. वाढलेलं नख चाकावरच्या भांड्याला असा चरा पाडतं की सगळी मेहनत पाण्यात.

पहिल्याच दिवशी चाकावर बसायचा हट्ट धरू नकोस. महिनाभर हातानेच वाट्या कर, मातीच्या वळ्या एकावर एक रचून पेला उभा कर. माती मळायची कणकेसारखीच, फक्त घडी घालताना आत हवा कोंडू द्यायची नाही. पुढे चाकावर गोळा मधोमध बसवणं हेच निम्मं काम. कोपरं मांडीला घट्ट टेकव. गोळ्याने तुला हलवायचं नाही, तू त्याला हलवायचं. मला तीन महिने लागले, तेव्हा रडू नकोस.

वाळवायची घाई तर मुळीच नको. माझा पहिला मग मी पंख्याखाली ठेवला. कान आधी वाळला, सकाळी बघते तर जोडाशी तडा! आता प्लॅस्टिकची पिशवी सैलसर गुंडाळते. पावसाळ्यात आठवडाही जातो. ओलसर भांडं भट्टीत गेलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतं, आणि शेजारच्याचंही नुकसान करतं. पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसला, मग ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, मग दुसरी भाजणी. स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजली जाणारी भांडी, त्यांना ही दुसरी १२०० च्या वर. तळाला ग्लेझ लावायचं नाही, भट्टीच्या फळीला चिकटतं. माती आकसते, त्यामुळे कप हवा त्याहून मोठा कर.

आणि हो, हात बादलीत धू, बेसिनमध्ये नको. टेबल ओल्या फडक्यानेच पूस. ती कोरडी धूळ छातीत जाते.