मेसच्या मावशींसाठी वारली चित्र

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

अडचणीच्या दिवसांत ज्यांनी उधारीवर डबा दिला, त्या मेसच्या मावशींना वारली चित्र द्यायचं तू ठरवलंस, फार बरं वाटलं. उधारी मात्र आधी चुकती कर. चित्र पैशांच्या बदल्यात दिलंय, असं त्यांना क्षणभरही वाटता कामा नये.

तारपा नाच, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर, काढू नकोस; त्यात मावशी कुठेच नाहीत. देवचौकही नको. तो लग्नघरी सवाशिणी काढतात, त्यात पालघट देवी असते; भेट द्यायची वस्तू नव्हे ती. रोजचे प्रसंग मात्र खुशाल काढ. १९७० च्या दशकात वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी विधीपलीकडचं वारली चित्र कागदावर आणलं, तीच ही वाट. मावशींची मेस काढ: पोळपाट, शेगडी, डब्यांची रांग, खिळ्याला टांगलेली उधारीची वही.

मांजरपाट, म्हणजे कोरं सुती कापड घे, १८ बाय २४ इंच. आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढ, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी उठतो. गेरू ४ चमचे, फेविकॉल १ चमचा, ताकाइतकं पातळ होईल एवढं पाणी. फडक्यातून गाळून घे. दोन पातळ हात दे, दुसरा आडवा, पहिला पूर्ण सुकल्यावर. फेविकॉल कमी पडलं तर गेरू बोटाला लागतो, जास्त झालं तर कापड गुंडाळताना तडे जातात. उरलेल्या तुकड्यावर बोट घासून आधी बघ. मूळ पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, डिंक घातलेला. पण कापड हललं की तो झडतो. भेटीसाठी पांढरा अ‍ॅक्रिलिक बरा.

माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. नवशिक्यांचे दोन्ही ताठ उभे राहतात आणि सगळी माणसं पुतळे होतात. मावशी पोळी लाटतायत ना, मग वरचा त्रिकोण पोळपाटाकडे झुकव, हात कोपरात मोडून लाटण्यापर्यंत ने, डोक्यामागे अंबाड्याचा छोटा गोल दे. त्यांची खूण असेल तीही घे, कमरेला खोचलेलं फडकं वगैरे. या एका आकृतीवर हवा तेवढा वेळ घालव. बाकीची, जेवायला बसलेली मुलं भराभर काढलीस तरी चालतील.

वर-खाली शिवण घालून बांबूच्या कामट्या ओव. गेरूला वाफ आणि तेलकटपणा सोसत नाही, म्हणून स्वयंपाकघराबाहेरची भिंत सुचव. मागे ‘वारली शैलीत’ एवढं आणि तुझं नाव लिही. दुपारची पंगत उठल्यावर जा, आणि चित्रातलं कोण कुठे बसलंय ते बोटानं दाखव.

सप्रेम