बाणाच्या शेपटीतला दिवा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लाइटेड नॉकवर, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाला दोरीत अडकणारा जो खाचेचा तुकडा असतो त्याच्या दिवा असलेल्या प्रकारावर, मी फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या, की बाण सुटला की शेपटीतला एलईडी पेटतो आणि बाण कुठे गेला ते दिसतं, बस एवढंच. त्यावर एवढे प्रश्न आले की आजचा सगळा कॉलम त्यालाच देतोय.

प्रश्न : यंदा पहिल्यांदाच कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, घेऊन व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जाणारेय. एक मित्र म्हणतो लाइटेड नॉक लावच, दुसरा म्हणतो नुसती फॅशन आहे, उलट उजेड बघून हरीण उडी मारतं. कोणाचं ऐकू?

दुसऱ्याचं ऐकू नका. हरीण दचकतं ते आवाजाने. 20 यार्डावर साधारण 280 फूट प्रति सेकंदाने जाणाऱ्या बाणाला पोचायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो आणि दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचलेला असतो, म्हणजे दिवा असो नसो, दचकायचं ते दचकणारच. शिवाय हरणाला लाल रंग फारसा कळत नाही.

आता फायदा काय ते सांगतो, आणि तो बाण सापडण्याचा नाही, ते बोनस समजा. खरा फायदा म्हणजे बाण नेमका कुठे लागला हे कळतं. माझाच किस्सा, नोव्हेंबरमधली संध्याकाळ, ट्रीस्टँडवर, म्हणजे झाडावरच्या मचाणावर, बसलेलो, 22 यार्डावर नर, बाण सोडला आणि मी अगदी शपथेवर सांगितलं असतं की खांद्याच्या मागे फुप्फुसातच बसला. पण तो हिरवा ठिपका डोळ्यात राहिला होता ना, तो वीतभर मागे दिसला होता. खाली उतरून पलीकडे जमिनीत रुतलेला बाण उपसला तर पिसांवर हिरवट चिकट काहीतरी आणि नाकाला लावायच्या आधीच वास आला. पोटात लागला होता. पाय न वाजवता मागे फिरलो, रात्र तळमळत काढली, सकाळी गेलो तर शंभरेक यार्डावर बसल्या जागीच मेलेलं मिळालं. संध्याकाळीच मागे धावलो असतो तर ते उठून कुठच्या कुठे गेलं असतं आणि मला कधी सापडलंच नसतं.

फुप्फुसात लागलं तर अर्धा तास थांबायचं, यकृतात लागलं तर चारेक तास, पोटात लागलं तर आठ ते बारा तास. हे ठरवायला बाण कुठे लागला ते माहीत हवं आणि संधिप्रकाशात साध्या नॉकने ते कळत नाही, डोळा आपल्याला जे हवं असतं तेच दाखवतो.

प्रश्न : लाइटेड नॉक लावल्यापासून माझे बाण खाली बसतायत आणि ग्रुपही पसरलाय, म्हणजे बाण एकमेकांपासून लांब लांब लागतायत. नॉक खराब आहे का?

नॉक बहुतेक ठीकच आहे, तुम्ही बाणाचं वजन बदललंत आणि धनुष्याला सांगितलं नाहीत एवढंच! साधा प्लॅस्टिकचा नॉक 10 ग्रेनच्या आसपास, लाइटेड नॉक 20 ते 30. साडेपंधरा ग्रेन म्हणजे जेमतेम 1 ग्रॅम, तेव्हा फरक फालतू वाटतो, पण तो अगदी शेपटीच्या टोकाला पडतो आणि तिथेच सगळी गडबड होते.

हिशोब करून बघा. समजा शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, 28 इंच, बाण 420 ग्रेन आणि नॉकपासून 17.5 इंचावर तो बोटावर तोलला जातो. मध्य 14 इंचावर, म्हणजे तोल साडेतीन इंच पुढे, 28 ने भागलं की साडेबारा टक्के, यालाच एफओसी म्हणतात, शिकारीच्या बाणाला 10 ते 15 टक्के चांगलं मानतात. आता मागे 15 ग्रेन वाढवले की तोल 16.9 इंचावर सरकतो आणि एफओसी सव्वादहाच्या आसपास येतं. वेगही थोडा मरतो, 280 चा 275 होतो, 40 यार्डावर बाण इंचभर खाली. वर मागे वजन आलं की सुटताना बाण जास्त ताठ वागतो, त्यामुळे ट्यूनिंग, म्हणजे बो आणि बाणाचा जमवलेला मेळ, बिघडतं आणि तुमचा ग्रुप बहुतेक त्यानेच पसरलाय.

उपाय सोपा आहे. पुढे 100 ऐवजी 125 ग्रेनचं टोक लावा, वरच्याच बाणात तोल बरोबर परत 17.5 इंचावर येतो, करून बघा गणित. बाण 460 ग्रेनचा होईल, साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या, पिन परत लावाव्या लागतील आणि पेपर ट्यूनही परत करा, म्हणजे कागदातून बाण मारून तो सरळ जातो का ते बघा, कारण पुढचं वजन बाणाला उलट मऊ करतं. आणि सराव त्याच वजनाच्या नॉकने करा हो, साध्या नॉकने महिनाभर सराव आणि शिकारीच्या दिवशी लाइटेड, हे लोक का करतात मला कळत नाही. सेल संपलेले जुने लाइटेड नॉक फेकू नका, सरावाला तेच लावायचे.

प्रश्न : माझा नॉक दोरीला लावतानाच पेटतो, आणि भावाचा बाण सोडला तरी पेटत नाही. दोघांचं पॅकेट एकच!

पॅकेट एक असलं तरी बो आणि शाफ्ट वेगळे आहेत ना. बऱ्याच नॉकमध्ये दोरीचा धक्का बसला की नॉक किंचित पुढे सरकतो आणि आतला स्विच दाबला जातो. तुमच्या दोरीवरची सर्व्हिंग, म्हणजे नॉक बसतो तिथे गुंडाळलेला दोरा, जाड असणार, नॉक बसवताना जोर लावावा लागतो आणि त्या जोरानेच दिवा लागतो. नॉक टिक असा आवाज करून बसला पाहिजे आणि बाण खाली तोंड करून दोरीवर लटकवून दोरीला बोटाने हलकी टिचकी मारली की तो सुटून पडला पाहिजे. पडत नसेल तर घट्ट आहे, आपोआप पडत असेल तर ढिला आणि ढिला जास्त वाईट, कारण दोरी बाणाशिवाय सुटली तर बो फुटू शकतो.

भावाचं उलट असेल. शाफ्टमध्ये नॉक ढिला बसतोय का बघा, एस, एक्स, जी, एच अशी मापं असतात आणि ती शाफ्टच्या आतल्या व्यासावर ठरतात. थोडासाच ढिला असेल तर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा मध्ये धरून दाबून बसवा, जादाचं ब्लेडने कापा. शाफ्टचं तोंड काटकोनात कापलेलं नसेल तरी स्विच नीट दाबला जात नाही. ग्लू मात्र लावू नका, मी लावला होता, तो आत झिरपून स्विचच चिकटला आणि नॉक सेल मरेपर्यंत जळत राहिला.

प्रश्न : रेकॉर्ड बुकात नाव द्यायचं असेल तर चालतो का? आणि स्पर्धेत?

धनुष्याने केलेल्या शिकारीचं रेकॉर्ड बुक ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या पोप अँड यंग क्लबने आधी मनाई ठेवली होती, 2014 मध्ये लाइटेड नॉकला परवानगी दिली. वर्ल्ड आर्चरी या तिरंदाजीच्या जागतिक संघटनेच्या टार्गेट स्पर्धेत मात्र चालत नाहीत, नियमात स्पष्ट लिहिलंय. शिकारीचे नियम तिथल्या प्रत्येक राज्याचे वेगळे आणि बदलत राहतात, तेव्हा ज्या राज्यात जाणार त्याचं यंदाचं नियमपुस्तक वाचा, मित्राच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. आणि दिवा आहे म्हणून वेळ वाढत नाही बरं का, बऱ्याच राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात बाण सोडायची वेळ संपते, ती संपली की संपली.

प्रश्न : क्रॉसबोला, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता असलेल्या धनुष्याला, हेच नॉक लावले तर?

नाही. क्रॉसबो बनवणाऱ्याने जो आकार सांगितलाय, हाफ-मून, फ्लॅट किंवा आणखी कुठला, त्याच आकाराचा लाइटेड नॉक घ्या. चुकीच्या नॉकवरून दोरी उडून वर गेली तर रिकाम्या बोसारखा झटका बसतो आणि तेव्हा तुमचा अंगठा कुठे असेल सांगता येत नाही.

प्रश्न : लाल घेऊ की हिरवा? मला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही.

मग हिरवा-लाल दोन्ही सोडा आणि निळा घेऊन बघा. घ्यायच्या आधी संध्याकाळी वाळक्या पानांत टाकून 30 यार्डावरून स्वतः शोधा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच छान दिसतात.