सोडचिठ्ठीवर सही करण्याआधी स्वतःचा वकील गाठा

पत्र : माझे वय ३३ वर्षे आहे. आमचे लग्न सोलापुरातच हिंदू पद्धतीने झाले. गेले चौदा महिने मी सहा वर्षांच्या मुलीसह येथे माहेरी राहते. पती पिंपरी-चिंचवडला एका कंपनीत नोकरी करतात. आता एकत्र राहणे शक्य नाही, हे दोघांनीही मान्य केले आहे. मी अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते. पगार बेताचा आहे. मागच्या आठवड्यात पतीच्या मामांनी पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहिलेली सोडचिठ्ठी आणून दिली. एकरकमी दोन लाख रुपये, पुढे माझा व मुलीचा पोटगीचा हक्क नाही, दागिने व सामानाबद्दल तक्रार नाही, मुलगी माझ्याकडे, असे त्यात लिहिले आहे. ‘आमचे पुण्याचे वकीलच दोघांचे काम पाहतील, वेगळा वकील केला की भांडण वाढते, आणि कौटुंबिक न्यायालयात तसाही वकील लागत नाही’, असे मामा म्हणतात. गड्ड्याची यात्रा संपली की बैठक ठेवली आहे. भाऊ म्हणतो, सही कर आणि मोकळी हो. मला वकिलांचीच भीती वाटते. घरातल्या गोष्टी परक्या माणसासमोर कशा बोलू आणि फी कोठून आणू? — एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर :

प्रिय भगिनी,

बैठक तोंडावर आली आहे, म्हणून सर्वांत आधी तेच सांगते : त्या कागदावर सही करू नका. सही नाकारणे म्हणजे घटस्फोट नाकारणे नव्हे. तुम्हा दोघांनाही वेगळे व्हायचे असेल, तर त्यासाठी कायद्याने सरळ रस्ता ठेवलेला आहे. तो सोडचिठ्ठीतून जात नाही, इतकेच.

हिंदू विवाह कायदा, १९५५ ज्यांना लागू आहे त्यांचा विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्याने संपतो. स्टॅम्पपेपर, नोटरीचा शिक्का किंवा चार वडीलधाऱ्यांच्या साक्षी यांनी तो संपत नाही. त्या कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे हे खरे. परंतु अशी रूढी आपल्या समाजात जुन्या काळापासून अखंड चालत आली आहे, हे ती सांगणाऱ्याला न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि बैठकीत कोणी ‘आपल्यात असेच चालते’ म्हटल्याने ते सिद्ध होत नाही. अशा कागदावर विसंबून उद्या तुमच्यापैकी कोणी दुसरे लग्न केले, तर ते लग्न कायद्याने शून्य ठरते आणि पहिला विवाह कायम असताना दुसरा केल्याचा गुन्हाही त्या व्यक्तीवर येऊ शकतो. कदाचित हे तुमच्या पतींनाही कोणी सांगितले नसेल. म्हणजे हा कागद तुम्हाला मोकळे करीत नाही. तुम्ही पोटगी, दागिने आणि सामान सोडले, एवढी कबुली मात्र तुमच्या सहीने लिहून घेतो. लग्नात तुम्हाला मिळालेले दागिने हे स्त्रीधन आहे आणि त्यावर संपूर्ण मालकी पत्नीचीच असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे.

तुम्ही हिशेब लिहिता, म्हणून दोन लाखांचा हिशेब तुमच्यासमोर मांडते. मुलगी आज सहा वर्षांची आहे. ती अठरा वर्षांची होईपर्यंत बारा वर्षे, म्हणजे १४४ महिने आहेत. दोन लाखांना १४४ ने भागले तर महिन्याला चौदाशे रुपयेही पडत नाहीत, आणि त्यात तुमचा स्वतःचा एक पैसाही धरलेला नाही. शाळेची फी, गणवेश, आजारपण यांवर आज तुम्ही किती खर्च करता, ते तुमच्याच वहीत असेल. शिवाय मुलीचा निर्वाहाचा हक्क मुलीचा आहे. आईने तिच्या वतीने ‘सोडला’ असे लिहून दिल्याने तो संपत नाही. पतींचा खरा पगार किती, हेही तुम्हाला नेमके ठाऊक नसावे, कारण पत्रात त्याचा उल्लेख नाही. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र दाखल करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिले आहे. दोन लाख हा आकडा असे काहीही उघड होण्याआधीच ठरलेला आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणात सर्वांत अन्यायाची बाब हीच आहे.

आता वकिलाबद्दल. मामा म्हणतात त्यातील एक गोष्ट अर्धी खरी आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार त्या न्यायालयात वकील उभा करणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. परंतु न्यायालयाच्या परवानगीने वकील काम पाहतात, आणि रोजच्या व्यवहारात तसेच चालते. शिवाय ते कलम न्यायालयातील उभे राहण्याबद्दल आहे. न्यायालयाबाहेर, करार वाचण्यासाठी, अर्ज लिहिण्यासाठी, हक्क समजून घेण्यासाठी वकिलाचा सल्ला घेण्यास कोणताही कायदा अडवीत नाही. तुमच्या पतींनी तो घेतलेला आहेच.

एकच वकील दोघांचे काम पाहील, हे मात्र मी तुमच्या बाबतीत मुळीच मान्य करणार नाही. ज्या जोडप्यात पैशाचा, मुलांचा, घराचा कोणताच प्रश्न उरलेला नाही, ती परस्पर संमतीच्या अर्जासाठी एकच वकील देतात आणि त्यांचे बिघडत नाही. पण मामा सांगतात त्या पुण्याच्या वकिलांना पतींनी नेमले, कागद पतींच्या सांगण्यावरून लिहिला आणि फीही तेच देणार आहेत. ते गृहस्थ कितीही सज्जन असोत, ‘ताई, दोन लाख कमी आहेत’ हे वाक्य ते तुम्हाला कसे सांगतील? वेगळा वकील केल्याने भांडण वाढते असे म्हणतात, परंतु माझा विश्वास याच्या उलट आहे : दोन्ही बाजूंना आपापला हक्क नीट समजलेला असला, म्हणजे झालेला समझोता टिकतो.

हा वकील सोलापूरचाच असावा. घटस्फोटाचा अर्ज पत्नी करीत असेल, तर ती ज्या ठिकाणी राहते तेथील न्यायालयात तो करता येतो, अशी सोय २००३ च्या दुरुस्तीने झाली आहे. लग्न जेथे लागले तेथील न्यायालयालाही अधिकार असतोच. तुमचे लग्न येथेच झाले आणि तुम्ही येथेच राहता, म्हणजे दोन्ही कारणांनी सोलापूरचे कौटुंबिक न्यायालय तुमचे आहे. पुण्यात अर्ज झाला तर प्रत्येक तारखेला कारखान्याची रजा, पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस आणि मुलीला कोणाकडे तरी सोपवणे, हे सारे तुमच्यावर येईल. वकील गावातला असला की एखादा कागद राहिला तर दुपारच्या सुटीत नेऊन देता येतो आणि तारीख पुढे गेली तर एका फोनवर कळते. आपले शहर नातेसंबंधांनी बांधलेले आहे, तेव्हा पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा : माझ्या सासरच्यांपैकी कोणाचे काम तुमच्याकडे आहे किंवा होते का? प्रामाणिक वकील या प्रश्नाने रागावत नाही.

फीची चिंता तुम्ही सर्वांत शेवटी लिहिली आहे, पण रात्रीची झोप बहुधा तीच उडवीत असेल. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी तिचे उत्पन्न किती आहे हे पाहिले जात नाही. तुमचा पगार आड येणार नाही, माहेरची परिस्थितीही आड येणार नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन अर्ज करा; आधी चौकशी करायची असेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा. स्त्री वकील हवी असल्यास अर्ज करतानाच तसे सांगा. मोफत मिळालेला वकील मन लावून काम करीत नाही, असा समज मी अनेकींच्या तोंडून ऐकते. परंतु काम नीट होत नसेल तर वकील बदलून मागता येतो, हे त्यांतील फार थोड्या जणींना माहीत असते. स्वतः फी देऊन वकील केलात, तर अर्ज, तारखा आणि किरकोळ खर्च मिळून किती होतील हे आधी विचारा व पावती घ्या. मिळालेल्या रकमेतून अमुक टक्के माझे, असे ठरवणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांना धरून नाही. तसे कोणी म्हटले तर तेथून उठा. महाराष्ट्रात घटस्फोट व पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे, आणि प्रकरण लढतीचे झाले तर त्याचा खर्च पतीकडून मिळावा म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अर्जही करता येतो.

परक्या माणसासमोर बोलण्याची भीती मला पूर्ण समजते. तुम्ही वकिलाला विश्वासाने जे सांगाल, ते तुमच्या संमतीशिवाय उघड करण्याची त्यांना कायद्यानेच मनाई आहे. तरीही जीभ रेटत नसेल तर लिहून न्या. मुलीच्या जुन्या वहीतील दोन पाने पुरतात : लग्न कधी झाले, कोठे राहिलात, काय काय घडले, माहेरी कोणत्या तारखेला आलात, तेव्हापासून पतींनी किती पैसे पाठवले. यातील शेवटच्या दोन गोष्टी विसरू नका. सोबत लग्नाची पत्रिका किंवा नोंदणीचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, बँकेचे पासबुक, दागिन्यांची यादी व मिळतील त्या पावत्या, पतींच्या कंपनीचे नाव आणि त्या सोडचिठ्ठीची झेरॉक्स ठेवा. मोबाईलवरील जुने संदेश पुसू नका, मनाला लागणारे असले तरीही. आपली चूक झाली असेल तीही वकिलाला सांगा. समोरच्या बाजूकडून ती त्यांना पहिल्यांदा कळली तर नुकसान तुमचेच होते. आणि जे घडले नाही ते अर्जात घालू या, प्रकरण वजनदार होईल, असे कोणी सुचवले, तर त्या वकिलाकडे पुन्हा जाऊ नका. शपथेवर खोटे सांगण्याचे परिणाम शपथ घेणाऱ्याला भोगावे लागतात.

तुमच्यासाठी योग्य मार्ग मला परस्पर संमतीचाच दिसतो. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. तुमचे चौदा महिने झाले आहेत. अर्ज दाखल झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी, आणि अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे असते. योग्य प्रकरणात सहा महिन्यांची ही अट न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, म्हणून रक्कम केव्हा आणि कशी द्यायची हे तुमच्या वकिलाने अर्जातच लिहून घ्यावे : काही भाग पहिल्या वेळी, उरलेला अंतिम जबाबाच्या दिवशी, बँकेच्या धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने). मुलीच्या निर्वाहाची रक्कम आणि वडिलांना तिला भेटण्याचे दिवस हे दोन्ही वेगळे व स्पष्ट लिहिलेले असावेत. समझोता जमलाच नाही, तर पोटगीचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली स्वतंत्रपणेही करता येतो.

भावावर रागावू नका. बहिणीचे दुःख लवकर संपावे असे त्याला वाटत असेल, आणि घरातील ताणही त्याला दिसत असेल. वकिलाकडे जाताना त्याला किंवा आईला सोबत घ्या; मात्र काही वेळ एकटीने बोलण्याची मुभा मागून घ्या.

बैठकीत वाद घालण्याची गरज नाही. मामांना कागद परत द्या आणि एवढेच सांगा : ‘मामा, वेगळे होण्याला माझी ना नाही. पण जे व्हायचे ते सोलापूरच्या न्यायालयात होईल, आणि माझे वकील तुमच्या वकिलांशी बोलतील.’ हे म्हणताना वकिलाचे नाव तुमच्याजवळ असावे, म्हणून बैठकीची वाट न पाहता उद्याच अर्धा दिवस रजा टाका.